चिमूटभर चमक जास्त

"पांढरा म्हणजे काय, हे या कारखान्यात दोघांनाच कळतं," बगळेसाहेब नेहमी म्हणायचे. "एक मी." दुसरा कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बगळे हे त्यांचं आडनाव नव्हे. उंच, काटकुळे, मान पुढे काढून चालणारे आणि बारा महिने पांढऱ्या कोटात असणारे, म्हणून मशीनवरच्या कुणीतरी ते नाव ठेवलं. ते असं चिकटलं की मालकसुद्धा तोंडावर त्याच नावानं हाक मारायचे. मालकांना ते खरंच आडनाव वाटायचं.

कारखान्यात फोटोचा कागद तयार व्हायचा. साध्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ लेप द्यायचा. वरच्या बाजूच्या लेपात पांढरा रंग मिसळायचा आणि त्यासोबत अगदी जराशी 'चमक'. चमक म्हणजे एक पिवळट हिरवी पावडर. दिसायला अगदी मरतुकडी, पण गुण मोठा! उन्हात जे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत ते ही पावडर गिळते आणि त्यांचा निळसर उजेड करून परत देते. त्या निळसरपणात कागदाचा पिवळेपणा झाकला जातो आणि बघणारा म्हणतो, वा, काय पांढराशुभ्र कागद आहे! लेपाच्या एका टनाला अर्धा किलो, हे तिचं माप. मोजून घालायचं काम बगळेसाहेब स्वतःच्या हातांनी करायचे, आणि तेव्हा चेहरा असा करायचे की जणू ऑपरेशन चाललंय.

तर, शहरोशहरी फोटो स्टुडिओंना कागद पुरवणारी एक मोठी कंपनी या कागदाची तपासणी करायला येणार होती. पास झाला तर वर्षभराची ऑर्डर. सहा महिने बंद पडलेलं दुसरं मशीन सुरू होणार आणि घरी बसवलेली अकरा माणसं कामावर परत येणार. मशीनवरच्या वस्तादांचा जावई त्या अकरांतलाच. तो रोज संध्याकाळी सासऱ्यांना फोन करून विचारायचा, "काही कळलं का?" आणि वस्ताद रोज सांगायचे, "गुरुवारी."

तपासणीच्या आठ दिवस आधी त्या कंपनीकडून एक पाकीट आलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी. 'तुलनेसाठी नमुना. आमच्यासमोरच उघडावा.' मालकांनी ते आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं.

"तुलनेसाठी म्हणजे कुणाचा नमुना असेल हो?" मालकांनी विचारलं.

"कुणाचा म्हणजे? आपल्या शत्रूचा!" बगळेसाहेब म्हणाले. "पलीकडच्या कारखान्याचा. दुसरा कुणाचा असणार?"

त्या दिवसापासून बगळेसाहेबांचं जेवणावरून मन उडालं. शत्रूचा पांढरा आपल्या डोक्यावर, दोन मजले वर, कपाटात बसलाय आणि आपण त्याला पाहिलेलंही नाही! चार दिवस त्यांनी कळ काढली. सोमवारी दुपारी मालक जेवायला घरी गेले तसे बगळेसाहेब जिना चढले. कपाटाची किल्ली कपाटामागच्या खिळ्याला असते हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. ब्लेडनं चिकटपट्टी अलगद सोडवली, कागद बाहेर काढला आणि मालकांच्या मोठ्या खिडकीपाशी नेला. बाहेर लख्ख ऊन होतं.

नजर ठरेना! बगळेसाहेबांनी पाकीट होतं तसं बंद केलं, धावत खाली तळघरातल्या आपल्या प्रयोगशाळेत आले, पिवळ्या बल्बखाली आपल्या कागदाचा तुकडा धरला आणि मटकन खुर्चीत बसले. शिळ्या भाकरीसारखा दिसत होता तो!

दहा मिनिटांनी ते मशीनपाशी उभे होते.

"वस्ताद, चमक वाढवायची."

"किती?"

"चौपट."

वस्तादांनी मशीन थांबवलं नाही, पण कानावरची टोपी मागे सारली. "साहेब, लेपात मावते तेवढीच चमक आत राहते. उरलेली दोन दिवसांत वर येते. पुसलं की हाताला लागते. मी जुन्या कारखान्यात बघितलंय."

"जुन्या कारखान्यात मी होतो का?"

"नव्हता."

"मग?"

"मग काय, वाढवा," वस्ताद म्हणाले आणि सकाळपासून गुंडाळलेलं रीळ उतरवून भिंतीशी ठेवलं.

चौपट चमकीचा कागद मात्र दृष्ट लागण्यासारखा निघाला. बगळेसाहेब बुधवारपर्यंत त्या रिळांभोवती फिरत होते. येता जाता त्यांच्यावरून हात फिरवत होते, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. चमक ठरल्याप्रमाणे लेपातून हळूच वर येऊन बसली होती, पण साध्या उजेडात ती दिसते कुणाला? हाताला लागली तरी कळत नाही. बुधवारी दुपारी मालक जेवायला गेले तसे बगळेसाहेब नव्या कागदाचा तुकडा कोटात लपवून पुन्हा वर गेले. पाकीट उघडलं, दोन्ही कागद खिडकीत शेजारी शेजारी धरले. शत्रू चारी मुंड्या चीत! आनंदाच्या भरात ते मालकांच्या फिरत्या खुर्चीत बसले, एक गिरकी घेतली, खणातल्या डब्यातली मालकांची चार बिस्किटं खाल्ली आणि मालकांच्याच फोनवरून बायकोला सांगितलं, "जिंकलो!"

"बरं. येताना साबण आणा," ती म्हणाली. ते विसरले.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, आणि शब्द विकत घ्यावे लागत असल्यासारख्या बोलणाऱ्या. तपासणीच्या खोलीत त्यांनी कागद खिडकीपाशी नेला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "पांढरा आहे."

"ऐकलंत?" बगळेसाहेबांनी मालकांच्या पाठीवर थाप मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

"आता पडदे ओढा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून हातात धरायचा एक दिवा काढला. या दिव्याचा उजेड डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण चमक जिथं असेल तिथं ती निळी पेटून उठते. लेपात सगळीकडे सारखी मिसळली आहे की नाही, हे त्यावरून कळतं.

अंधार झाला. बाईंनी दिवा रिळावर धरला. कागद निळा उजळला, पण सारखा नाही. ढगाळ, डागाळलेला, आणि मध्ये मध्ये हात फिरवल्याचे फराटे. वस्ताद खाकरले.

बाईंनी कपाटातलं पाकीट मागवलं, टेबलावर ठेवलं आणि दिवा त्याच्यावर नेला. पाकिटावर दहाच्या दहा बोटं निळीशार उमटली होती!

"हे कुणीतरी उघडलंय," बाई म्हणाल्या.

"चोरी!" मालक ओरडले. "माझ्या कपाटात चोरी!"

आता बगळेसाहेब रसायनाचे जाणकार. बोटं कुणाची आणि ती का पेटली, हे त्यांना एका क्षणात कळलं. पण माणूस बुडताना गप्प बसत नाही. आपणच शोध घेतला तर माग हवा तिकडे वळवता येईल, असा विचार त्यांच्या डोक्यात चमकला.

"हे बाहेरच्या माणसाचं काम!" ते गरजले. "बाई, दिवा माझ्याकडे द्या. चला माझ्यामागून!"

आणि वरात निघाली. पुढे दिवा घेतलेले बगळेसाहेब, मागे वही घेतलेल्या बाई, मग मालक आणि शेवटी, जातील तिथले पडदे ओढणारे वस्ताद. जिन्याच्या कठड्यावर बोटं. दारावर बोटं. कपाटावर तर सबंध पंजा. बगळेसाहेबांनी लगबगीनं रुमाल काढून तो पुसला, आणि तो पंजा परातीएवढा झाला! रुमालातही चमक होती.

"पुराव्याला हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"चोर फाटकाकडे पळाला असणार!" असं म्हणत बगळेसाहेबांनी दिवा वळवला, तो नेमका खुर्चीवर पडला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर निळे पंजे.

"माझ्या खुर्चीत बसला होता?" मालकांचा आवाज चिरकला.

फोनच्या रिसीव्हरवर बोटं. खणाच्या मुठीवर बोटं. बाईंनी खण ओढला, बिस्किटांचा डबा उघडला. झाकणाला बोटं, आत दोन बिस्किटं.

"सहा होती," मालक हळूच म्हणाले. पाकिटाच्या वेळी झालं नव्हतं इतकं दुःख त्यांना आता झालेलं दिसलं.

"कसला निर्लज्ज चोर!" बगळेसाहेब म्हणाले आणि तोल सावरायला भिंतीला टेकले. हात काढला तसा भिंतीवर एक नवा, ताजा, टवटवीत पंजा उमटला. सगळ्यांनी तो पाहिला. बगळेसाहेबांनी दिवा घाईघाईनं दुसरीकडे फिरवला, आणि मालकांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर पाच बोटं लखलखली.

"मालक," वस्ताद शांतपणे म्हणाले, "चोर तुमच्या पाठीशी आहे."

बाईंनी बगळेसाहेबांच्या हातातून दिवा काढून घेतला आणि त्यांच्याच तोंडावर धरला. मिशी निळी. नाकाचा शेंडा निळा. उजवा कान निळा. काळोखात पांढऱ्या कोटाच्या वर एवढ्याच तीन गोष्टी तरंगत होत्या, आणि त्यातली मिशी थरथरत होती.

"मी फक्त बघितलं," मिशी म्हणाली. "दुसरं काही केलं नाही. त्यांचा कागद आपल्यापेक्षा पांढरा होता, बाई! अकरा माणसं घरी बसलीत. म्हणून मी चमक वाढवली."

वस्तादांनी पडदा उघडला. बाईंनी चष्मा पुसला.

"कुणाचा कागद?" त्यांनी विचारलं.

"शत्रूचा. पलीकडच्या कारखान्याचा."

"हा तुमचाच आहे. गेल्या वर्षी तुम्ही पाठवला होता तो. नवा कागद त्याच्याशी जुळतो का, ते बघायचं होतं."



"पण मी डोळ्यांनी पाहिला!" बगळेसाहेब म्हणाले. "इथं खिडकीत हा लख्ख दिसत होता, आणि खाली माझा..."

"खाली कुठल्या उजेडात?"

"पिवळ्या बल्बच्या," बगळेसाहेब म्हणाले. बल्बच्या उजेडात चमकीला गिळायला किरणच नसतात, हे त्यांनी स्वतः शंभर जणांना शिकवलं होतं. खिडकीपाशी जो कागद पांढराशुभ्र दिसेल, तोच तळघरात शिळ्या भाकरीसारखा दिसणार. आठवडाभर ते आपल्याच कागदावर जळत होते!

"ही रिळं चालणार नाहीत," बाईंनी वही मिटली. मालक मटकन खुर्चीत बसले, निळ्या पंजांची पर्वा न करता.

"बाई," वस्ताद म्हणाले, "सोमवारी सकाळचं एक रीळ आहे. चमक वाढवायच्या आधीचं. भिंतीशी ठेवलंय, त्याला कुणी गोंजारलेलं नाही."

बाईंनी ते पाहिलं, खिडकीत आणि दिव्याखाली, आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून पाहिलं. मग तीन शब्द बोलल्या. "असाच पाठवत राहा." वस्ताद बाहेर जाऊन जावयाला फोन करून आले. आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि मशीनची वाफ डोळ्यांत गेली असं ते म्हणाले. मशीन बंद होतं.

ऑर्डर मिळाली. चमकीच्या डब्याची किल्ली वस्तादांकडे गेली. बगळेसाहेबांना मालकांनी काढलं नाही. दिवा आणि ओला फडका देऊन, कारखान्यातलं शेवटचं बोट पुसेपर्यंत दुसरं काम करायचं नाही, एवढंच सांगितलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती शर्ट पिळत ऐकत होती.

"म्हणजे ती तुमची चमक," ती म्हणाली, "निळा उजेड पाडून पांढरं दाखवते ती?"

"तुला कसं ठाऊक?" बगळेसाहेब चमकले. "हे फार अवघड शास्त्र आहे!"

"आपल्या धुण्याच्या पावडरीत तेच असतं की. मागं लिहिलंय."

बगळेसाहेबांनी मोरीच्या फळीवरचा पुडा घेतला, चष्मा वर केला आणि वाचू लागले. खरंच लिहिलं होतं. त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती. 'मापानेच वापरा. जास्त घातल्याने कपडे जास्त पांढरे होत नाहीत.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग पुडा हळूच जागेवर ठेवला.

"ही पावडर कधीपासून आणतेस तू?"

"लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. "बोटं पुसून झाली असतील तर शर्ट वाळत घाला. आणि आधी हात धुवा."