दहावं नख

पाव्हणे दारात आले की त्यांची नजर आधी आपल्या हातांवरच पडली पाहिजे, असा पणच केला होता धनजच्या ललिताबाईनं!

कारण तसंच होतं. लेकीसाठी, उज्ज्वलासाठी मंगरूळपीरचं स्थळ पाहायला गेली, तेव्हा मुलाची आई, रुखमाबाई, मऊमऊ हातांनी चहा देत होती आन् कापूस वेचून भेगाळलेले आपले हात ललिताबाईनं शेवटपर्यंत पदराखालून काढले नव्हते. फार लागलं होतं ते मनाला. आता पाव्हणे रोडगे खायला घरी येणार, सोयरीक पक्की व्हायची ती याच जेवणावर. आन् उज्ज्वलाला तर किशन इतका आवडला होता, की त्याचा फोन वाजला की कांदा चिरताचिरता हसायची पोरगी!

म्हणून आदल्या दिवशी बाई एसटीत बसली आन् थेट कारंजा! पार्लरवाल्या फरहानं तिच्या नखांवर दुसरी नखं चिकटवली, डाळिंबी रंग चढवला आन् बोटं निळ्या उजेडाच्या डबीत घातली.

"चाची, आता तीन हफ्ते पाहायचं काम नाही! फक्त उद्याचा दिवस पाणी-पीठ जपा."

यातलं पहिलं वाक्य ललिताबाईनं ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी ती आपल्याच हातांकडे पाहत होती.

सकाळी उज्ज्वला म्हणाली, "आई, कणीक मी मळते."

"हट्! लोखंड हाय हे, लोखंड!" म्हणत बाईनं परात ओढली. मळतामळता नवऱ्याला दम भरला, "ऐका. पाव्हणे जाईपर्यंत तोंड उघडाचं नाही! मागच्या टायमाले तुमी इहीनबाईले वजन इचारलं होतं!"

"अवं, सहज..." दौलतसिंग म्हणाला.

"तोंड!"

दौलतसिंगनं तोंड मिटलं.

कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गेले. ललिताबाईनं ऐटीत हात धुतले आन् बोटं झटकन डोळ्यांजवळ नेली.

"उज्ज्वले, मोज बरं माही नखं."

उज्ज्वलानं मोजली. पुन्हा मोजली. "आई, एक कमी हाय वो!"

चूल पाहिली, पाट उचलले, मोरी धुंडाळली. नख नाही! म्हणजे ते गेलं कुठं? कणकेत! आन् कणीक कुठं? टोपलीभर रोडग्यांत! तेवढ्यात दारात पाव्हण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आता ते इहीनबाईच्या दाताखाली आलं तं?" उज्ज्वलाचे डोळे भरले. "झालं माहं लगन!"

"रडू नको. मी हाय ना!" ललिताबाई म्हणाली.

पंगत बसली. ललिताबाईनं निखाऱ्यातून टोपलीत काढलेला रोडगा उचलला, चटके सोसत हातानं फोडला, तुकडा तुकडा डोळ्यांसमोर धरून न्याहाळला आन् मगच पानात वाढला. दुसरा घेतला. तोही तसाच.

"काय पाहून राह्यल्या वो?" रुखमाबाईनं विचारलं.

"रीत हाय आमच्या घराण्याची!" ललिताबाई ठोकून मोकळी झाली. "सोयऱ्याच्या पानात पारखल्याबिगर रोडगा पडत नाही!"

दौलतसिंगच्या हातातला घास तोंडाशीच थांबला. एवढ्या वर्षांत त्याच्या पानात कायम अख्खाच रोडगा पडत आला होता. बोलायला त्यानं आ केला, बायकोचे डोळे पाहिले आन् घास आत टाकला.

इतक्यात मुलाचे वडील धरमसिंग म्हणाले, "आमाले नाही बापा दम!" आन् टोपलीतला अख्खा रोडगा उचलून कचकन चावले.

कर्रर्र!

ललिताबाईनं डोळे मिटले. उज्ज्वलाच्या हातातली तुपाची वाटी वरणात पडली.

"व्वा! काय खरपूस हाय!" धरमसिंग म्हणाले.

हुश्श करावं, तर तिकडे किशनला ठसका! पोरगा लाल, डोळ्यांत पाणी, बोट घशाकडे! ललिताबाई पंगत ओलांडून धावली आन् जावयाच्या पाठीत दणके घातले, खळ्यावर तूर झोडपतात तसे!

"काढ! बाहीर काढ ते!"

"ठे... ठेचा..." किशन कसाबसा बोलला. "ठेचा लय तिखट हाय, मामी!"

शेवटचा रोडगा फुटला. नख नाहीच! ललिताबाईची बोटं भाजून लाल झाली होती, कपाळाला राख लागली होती आन् हातांकडे पाहायचं कुणाला सुचलंही नव्हतं. तरी रुखमाबाईनं तेच हात हातात घेतले.

"चटके खाऊन सोयऱ्याले वाढणारी माणसं कुठं भेटतात आजकाल? सोयरीक पक्की! आन् एक इच्छा हाय माही. लग्नातबी रोडगेच ठेवा, आन् साऱ्या वऱ्हाडाले तुमीच असे फोडून, पारखून वाढा!"

"हो... हो ना!" ललिताबाई म्हणाली. दुसरं म्हणणार काय?

गाडी वळणाआड गेली. दौलतसिंगनं घसा खाकरला. "आता बोलू काय?"

"बोला!"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून डाळिंबी, चकचकीत काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "सकाळी परातीच्या काठावर होतं. कणकेत जाईन म्हनून उचललं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगणारच होतो. पण तू म्हनली होती ना, तोंड!"

उज्ज्वला हसूहसू खाली बसली. ललिताबाईनं रागानं उरलेली नऊ नखं उपटून पाहिली, पण एक हालेल तर शपथ! तीन हफ्त्यांचा फरहाचा शब्द पक्का होता. मग ती गपचूप चुलीजवळ गेली आन् दुसऱ्या दिवसासाठी गव्हाचं पीठ काढायला लागली. अख्खं वऱ्हाड जेवायचं होतं, सराव नको?