बकारामच्या घरची शांतता

"जेवाले बसता का जी?" धुरपता नवऱ्याला म्हणाली, आणि घरातलं सगळं जागच्या जागी थांबलं. सुनेचा हात भाताच्या गंजात अडकून राहिला. मुलगा चैतराम दारात पाय धूत होता, तो एका पायावरच उभा राहिला. धुरपतानं बकारामला कधी 'जी' लावल्याचं कामठा गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. एरवी जेवणाचं बोलावणं असं असायचं: "ये बुढ्या, गिळतस का कुत्र्याले टाकू?"

बकारामनं तर त्याहून कमाल केली. पाट ओढून बसत तो म्हणाला, "बसतो जी. तुमी जेवल्या का?"

"मायले ताप हाय," सून रुख्मा नवऱ्याच्या कानाशी लागली.

"अन् बापाले?" चैतराम म्हणाला.

ताप कोणालाच नव्हता. आदल्या दिवशी घरी डोमनलाल बिसेन येऊन गेले होते, एवढंच.

डोमनलाल हे विकास गटाचे समाजशिक्षण संघटक. वय पंचविशीचं, लग्न व्हायचं होतं, आणि नागपूरहून कौटुंबिक सल्ल्याचं शिक्षण घेऊन ते नुकतेच परतले होते. नवराबायकोच्या भांडणावर निरनिराळ्या पद्धती असतात, असं त्यांना तिथं शिकवलं होतं. एक पद्धत म्हणते, मूळ बालपणात शोधा. दुसरी म्हणते, समोरचा जे बोलला ते आधी आपण म्हणून दाखवावं, मगच उत्तर द्यावं. आपलं कोणी ऐकलं, एवढ्यानंच माणूस निवतो. तिसरी म्हणते, दोघांनाच काय धरून बसता, अख्खं घर समोर बसवा. पद्धती तयार होत्या, फक्त जोडपं हवं होतं. डोमनलालनी कामठ्यात चौकशी केली, तर सगळी बोटं बकारामच्या घराकडे वळली. त्या घरचं भांडण तळ्याच्या पाळीवर ऐकू जायचं आणि धुणं धुणाऱ्या बायका त्यावरून वेळ ओळखायच्या.

सल्ला घ्यायला नवराबायको दोघंही लगेच राजी झाले. साहेब दुसऱ्याचीच चूक काढणार, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

डोमनलालनी बालपणापासून सुरुवात केली. "बकारामजी, बायकोचा आवाज चढला की तुम्हाला तुमची आई आठवते का?"

बकारामनं मनापासून विचार केला. "आठवते नं. माय लय चांगली होती. भाजीत मीठ टाके."

"घ्या! मेलेली सासू काढली!" धुरपता उसळली. "आतापावतर तिच्याच मिठावर जगला का तू?"

डोमनलालनी घाईघाईनं दुसरी पद्धत काढली. "धुरपताबाई, थांबा. ते काय म्हणाले, ते आधी तुम्ही शांतपणे म्हणून दाखवा."

"तुमचं म्हणनं असं, का मी भाजीत मीठ टाकत नाही."

"उत्तम! आता तुम्हाला काय वाटलं ते सांगा."

"मले वाटते, का याची जीभ मेली."

"तसं नाही. असं म्हणा, मला वाईट वाटतं."

"तुमाले कायले वाईट वाटते साहेब? भाजी तुमी कुठी खाल्ली?"

दुपार कलेपर्यंत डोमनलाल घामाघूम झाले. शेवटी त्यांनी साधे नियम घालून दिले: एकमेकांना 'जी' लावायचं, आवाज चढवायचा नाही आणि समोरच्याचं म्हणणं आधी म्हणून दाखवायचं. "पुढच्या आठवड्यात आमच्या साहेबांना घेऊन येतो," ते म्हणाले, आणि निघता निघता सहज बोलून गेले, "पाहू या, आधी कोणाचा आवाज चढतो ते."

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यानं केला. ज्याचा आवाज आधी चढेल तो चुकीचा, असा दोघांनीही अर्थ घेतला. आता हरायचं कोणी? आजवर जी ईर्ष्या ओरडण्यात होती, ती सगळी गोड बोलण्यात उतरली.

दोन दिवस कसेबसे गेले. तिसऱ्या दिवशी बकाराम घरामागच्या धानाच्या बांधीकडे तोंड करून दात घासत होता. बांधीत परे उभे होते, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची कोवळी रोपं. शेजारच्या उदारामची म्हैस बांध ओलांडून आत शिरली. एरवी बकारामच्या एका हाकेनं म्हैसच काय, उदारामही पळाला असता. पण बकारामनं चूळ भरली आणि तो हळूच म्हणाला, "ऐकता का जी? म्हस पऱ्यात शिरून रायली, असं मले वाटते."

म्हशीच्या जवळ धुरपता होती. तिचा हात काठीकडे गेला होता, पण नियम आठवला. "तुमचं म्हणनं असं, का म्हस पऱ्यात शिरून रायली."

"हो जी. बराबर समजल्या."

"कोनाची म्हस, असं तुमाले वाटते?"

"उदारामची, असं वाटते."

"तुमचं म्हणनं असं, का उदारामची."

चैतराम विळा टाकून धावत आला, तोवर निम्मे परे म्हशीच्या पोटात गेले होते. मागोमाग उदाराम धापा टाकत आला. खाली मान घालून तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. धुरपतानं तोंडावर आलेली शिवी गिळली आणि विचारलं, "म्हशीचं पोट भरलं का, भाऊ?"

म्हैस तिथंच सोडून उदाराम घरी पळाला आणि बायकोला म्हणाला, "त्या घरात काईतरी झालं वो! बुढी शिवी देत नाही!"

ही बातमी बाजारातून केशोरीला गेली. तिथं बकारामची मुलगी प्रेमिला दिली होती. कामठ्यात बातमी होती की बुढाबुढी हळू बोलतात. गोंदियात ती दोघांचा आवाज बसल्याची झाली. केशोरीला पोचेपर्यंत दोघांचंही आता खरं नव्हतं. प्रेमिलानं चुलीवरची भाजी तशीच सोडली आणि ती रडतच गाडीत बसली.

इकडे घरात निराळंच चाललं होतं. धुरपता मनातून घाबरली होती. हा बुढा गेल्या महिन्यात गोंदियाला दात दाखवायला गेला होता. दातांच्या नावाखाली डॉक्टरनं भलतंच काही सांगितलं तर नसेल? मरायला टेकलेली माणसंच असं गोड बोलतात. तिनं त्याच्या ताटात तूप जास्त वाढायला सुरुवात केली. बकारामला त्या तुपाची धडकी भरली. ही आपल्याशी पाहुण्यासारखी वागते, म्हणजे हिनं भावाकडे कायमचं जायचं ठरवलेलं दिसतं. जाणारं माणूसच असं वाढतं. तो घास चिवडत बसायचा, मग तिलाही जेवण जायचं नाही. "तुमी घ्या जी," "नाही जी, तुमी घ्या," असं करत भात निवून जायचा. विचारावं तर आवाज चढेल, आणि चढला तर हरलो. दोघंही गप्प गप्प वाळत चालली.

ठरल्या दिवशी डोमनलाल आपल्या वरिष्ठांना जीपमधून घेऊन आले. विकास अधिकारी नंदलालजी म्हणजे नीटनेटके, मोजकं बोलणारे गृहस्थ. अंगणात पाहतात तो ही गर्दी! केशोरीची प्रेमिला, तिचा नवरा, सासू, उदाराम, त्याची बायको, चैतराम, रुख्मा, सगळे मान खाली घालून बसलेले. प्रेमिला पदरानं डोळे टिपत होती.

"साहेब, हीच ती तिसरी पद्धत!" डोमनलाल हरखून गेले. "अख्खं घर आपणहून जमलं आहे, पाहा!" ते पुढे झाले. "बकारामजी, मनात असेल ते मोकळेपणानं बोला."

बकाराम उठला. "बुढे, तू मले सोडून जाऊन रायली का?"

"मी कायले जाऊ?" धुरपता म्हणाली. "तूच मरून रायला नं?"

"कोन म्हणते मी मरून रायलो?"

"डॉक्टरनं का सांगतलं मंग तुले?"

"दात उपटाले सांगतलं!"

धुरपतानं पदर खोचला. "दात? मेल्या, अन् मी तूप वाढून रायली तुले! इतका गोड काऊन बोलून रायला मंग? माहा जीव अर्धा केला!"

"तू नाही बोलली गोड? आधी कोन बोललं?"

"तू!"

"तू! अन् भाजीत मीठ आजबी नवतं!"

"जीभ हाय का तुले? अन् तू रे उदाऱ्या, कोपऱ्यात का लपतस? म्हस बांधाले दावं नाही का घरी?"

उदारामच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हात जोडून तो म्हणाला, "बाई, माहे परे उरले हायेत. उद्याच आनून देतो. फक्त अशीच बोलत राय!" प्रेमिला रडता रडता हसू लागली. रुख्मानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. तळ्याच्या पाळीवरच्या बायकांनी कान टवकारले आणि धुणं आवरतं घेतलं.

डोमनलालनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माफ करा साहेब, सगळं बिघडलं."

चहा न घेताच नंदलालजी जीपमध्ये जाऊन बसले. पुढचं गाव पाहायचं ठरलं होतं, पण त्यांनी ड्रायव्हरला गोंदियाकडे वळायला सांगितलं. वाटेत ते म्हणाले, "बिसेन, माझी बायको मला काही म्हणत नाही. दिवाळीपासून तक्रारीचा एक शब्द नाही. मी समजत होतो, सगळं ठीक चाललं आहे."

यावर कोणती पद्धत लागू पडते, हे डोमनलालना आठवेना.

साहेबांच्या घराच्या दारात त्यांच्या पत्नी सुशीलाबाई उभ्या होत्या. "आलात? चहा ठेवते," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

"सुशीला," नंदलालजींनी चिखलाच्या बुटांनिशीच विचारलं, "तू माझ्याशी भांडत का नाहीस?"

सुशीलाबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भांडायला माणूस घरी असावं लागतं," त्या म्हणाल्या. आणि मग त्या बोलू लागल्या. आधी हळू, मग स्पष्ट, मग जीपपर्यंत ऐकू येईल अशा. मधे पडावं म्हणून डोमनलाल उतरू लागले, तर ड्रायव्हरनं त्यांना दंडाला धरून बसवलं. "बैठिए साब. बहुत दिन का जमा हुआ है."

थोड्या वेळानं नंदलालजी दारात आले. चेहरा लाल झाला होता, पण डोळे कधी नव्हे इतके खुशीत होते. "बिसेन, तुम्ही जीप घेऊन जा. मी आज कुठंच येत नाही."

"कोणाशी बोलताय तिकडे? माझं संपलं नाही अजून!" आतून आवाज आला.

"आलो, आलो," म्हणत साहेब लगबगीनं आत पळाले.