तीस हात दोराची फत्ते

श्री. दोन प्रहर टळले होते, घरात सामसूम होती, आणि गच्चीवरील रिकामी लोखंडी कडी वाऱ्याने हालोन नळास लागली आणि टण ऐसा एक नाद उठला. तोच घंटानाद समजोन आरंभ केला. ज्याने मैदान आखिले, दोन टोकांस दोन दारे मांडिली आणि मधे एक चेंडू टाकोन शहाण्यासुरत्या माणसांस त्यामागे धावविले, त्या करवित्यास नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी पूर्वेकडील एका राज्यात चौघांचे फळीने मोठी लढाई मारिली, तिची ही हकीकत. लेकरू निजले असतां जो अवकाश मिळाला त्यात चार दिवस मिळोन लिहिली आहे, सबब कोठे धागा तुटला दिसल्यास वाचणारांनी सांभाळोन घ्यावे.

त्या राज्याचे फुटबॉल फौजेत सिद्धोजीराव इंगवले म्हणोन सरदार होते. मूळचे आपलेकडील, पेठेतील तालमीत वाढलेले, उंच, बोलणे थोडके. त्यांचे काम गोल करणे नव्हे, गोल होऊ न देणे. आपल्या दारापुढे चार असामींची फळी धरावी आणि ती फळी एका दमात पुढे न्यावी, एका दमात मागे आणावी, हा हुकूम रावांचा. हा इलम त्यांस तीर्थरूप आबासाहेबांनी दिला. आबासाहेब आपले काळी पेठेचे संघात फळीतच उभे राहत, आणि त्यांची रीत ऐसी की सरावाचे वेळी चौघांचे कमरेस एकच सुती दोर बांधावा, आणि हुकूम देणाराने "वड!" म्हणोन पाऊल टाकावे, म्हणजे दोराचा हिसका बाकी तिघांचे कमरेस बसतो आणि चौघे एकदम पुढे सरतात. मग पुढे दोर सोडिला तरी कमरेस त्याची आठवण राहते. गेले भाद्रपदात रावांचे फौजेस पराभवावर पराभव जाहले, फळीस भगदाडे पडली, आणि राव चार दिवसांचे रजेवर घरी आले असतां एके सकाळी गच्चीवर गेले आणि कपडे वाळत घालण्याचा दोर, लांबी तीस हात, सोडोन गुंडाळू लागले. घरच्या केतकीबाई जिना चढोन वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, रेवाचे फ्रॉक ओले आहेत त्याच्यावर!"

राव म्हणाले, "बादलीत ठेवलेत. अगं, तिकडं नायलॉनचा मिळतोय, तो कमरेला कापतो. हा धुऊन धुऊन मऊ झालाय."

"आणि मी कपडे कुठं वाळत घालू?"

"मी येताना आणून बांधतो की. तोवर खुर्च्या हायत."

ऐसे बोलोन राव दोर घेवोन गेले, आणि घाईत तीन चिमटे दोरास तसेच राहिले. मग आश्विन गेला, कार्तिक गेला, पौषही गेला, आणि बाईंनी फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर घालावे, चादर कठड्यावर टाकावी, आणि वारा सुटला की धावत वर जावे. आबासाहेबांनी चार वेळा म्हटले, "सूनबाई, कोपऱ्यावरच्या दुकानात दोर हाय. धा मिनिटांचं काम." आणि चारही वेळा बाईंनी सांगितले, "नको आबा, ते आणणार आहेत." कन्या रेवाबाई, वय वर्षे चार, जेवावयास बसल्या की घास घेत ना, मग बाईंनी रोज एकच गोष्ट सांगावी की राजे मोहिमेवर गेले, लढले, जिंकले आणि घोड्यावर बसोन घरी आले, आणि "घरी आले" म्हणतां शेवटचा घास तोंडात घालावा. ऐसे सहा महिने गेले.

लढाईचे दिवशी सकाळी रावांचा फोन आला. राव म्हणाले, "आज शेवटची मॅच. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहतोय, आणि माझा करार दोन वर्षं वाढतोय, म्हणजे मी इथंच. बरोबरी झाली तरी घसरलो. मग सगळ्यांना सुट्टी. होळीच्या आधी दारात." बाईंनी विचारिले, "मग पुढं?" राव म्हणाले, "पुढं काय? एकतिसावं चाललंय. पडलेल्या टीमचा डिफेंडर कोण घेतोय?" तेथे बिऱ्हाड न्यावे तर चौघा खेळाडूंस मिळोन एक खोली, आणि इकडे आबासाहेबांचे गुडघे धड नव्हत, सबब तो विषय पूर्वीच बोलोन जाहला होता. मग बाई म्हणाल्या, "नीट खेळा. जिंका." आणि हे मनापासोन म्हणाल्या. परंतु फोन ठेविल्यावर कणीक मळतां मळतां बोटांवर दिवस मोजिले, होळीस नऊ उरले होते, आणि हेही मनापासोनच मोजिले. कारकुनास हे कसे कळले ते विचारो नये.

मग दोन प्रहर टळले, रेवाबाई निजल्या, आणि मोबाईल पिठाचे डब्यास टेकवोन बाई आणि आबासाहेब पुढे बसले. शिटी वाजली. रावांचे फळीत डावे अंगास मलबार देशीचा जोबी, सहा महिने दोराचे टोकास बांधलेला, मोठा इमानी, रावांची भाषा त्यास एका शब्दाची, तो शब्द "वड". पूर्वार्धात उभयपक्षी काही जाहले नाही. उत्तरार्धात साठावे मिनिटास रावांचे फौजेने कोपऱ्यावरोन चेंडू मारिला आणि एका उंच गड्याने डोके लावोन गोल केला. एक शून्य जाहले. आबासाहेब गुडघे विसरोन उठले आणि पुन्हा धरोन बसले. मग शत्रू सगळा चालोन आला आणि तीस मिनिटे रावांचे दारापुढे नुसता कल्लोळ जाहला. परंतु फुटबॉलचा कायदा ऐसा की चेंडू मागून येण्यापूर्वीच हल्ला करणारा फळीच्या पलीकडे एकटा सापडला तर पंच झेंडा वर करितो आणि हल्ला रद्द होतो. राव त्या कायद्यावर टपलेले. शत्रूने चेंडू उचलावा तोच रावांनी हात वर करोन ओरडावे, चौघांनी एकच पाऊल पुढे टाकावे, आणि शत्रूचा गडी मागे उघडा पडावा. ऐसा झेंडा तीन वेळा वर जाहला, आणि बघावे तो चौघांत दोर नाही आणि चौघे दोर असल्यासारखे चालताहेत. आबासाहेब म्हणाले, "बघ सूनबाई, बघ! कमरा बघ चौघांच्या! हे शिकवून येत न्हाई, हे बांधून येतंय!" बाई पाहत होत्या, परंतु कमरा नव्हे, रावांचा डावा पाय पाहत होत्या, तो किंचित ओढल्यासारखा पडत होता आणि हे रावांनी फोनवर सांगितले नव्हते.

शेवटले मिनिट आले. शत्रूने पुन्हा चेंडू उचलिला, रावांनी हात वर केला, तिघे पुढे सरले आणि जोबी सरला ना. तो जागीच राहिला, आणि त्याचा हात कमरेशी गेला. आबासाहेब म्हणाले, "आरं देवा. हिसक्याची वाट बघत हुबा हाय त्यो! दोराची वाट बघतोय!" दमलेल्या माणसाचे कान बंद जाहले होते आणि कमर तेवढी जागी होती, आणि कमरेस कोणी ओढिले नाही. तो मागे राहिला म्हणोन कायदा उलटला, झेंडा खाली राहिला, शत्रूचा गडी चेंडू घेवोन मोकळा सुटला, गोलरक्षकास चुकविले, दार उघडे पडले, आणि येथे मोबाईलवरचे चित्र थिजले. एक पांढरे चक्र गरगर फिरो लागले. ते किती वेळ फिरले? आबासाहेब म्हणतात दोन सेकंद. तितक्यात बाईंच्या मनात आले की जाऊ दे. एक जाऊ दे. बरोबरी होऊ दे, होळीच्या आधी दारात, तो दुखरा पाय मी शेकीन, दोर कडीला बांधू. हे बखरीत लिहू नये, तरी लिहिले. मग चक्र गेले, चित्र हालले, राव तिरके धावत येत होते, आणि बाईंच्या तोंडोन सारे घर दणाणेल ऐसा शब्द निघाला, "वड!" आणि त्याच दमात राव गवतावर घसरत आले आणि रेघेवरोन, दारात पोचलेला चेंडू, दुखऱ्या पायाने बाहेर फेकिला. शिटी वाजली. एक शून्य. फत्ते जाहली.

जोबी गवतावर डोके धरोन बसला होता, रावांनी त्यास दंडास धरोन उठविले. आबासाहेब डोळे पुसत म्हणाले, "चूक त्या पोराची न्हवं. दोर कधी सोडायचा ते म्या सांगितलं न्हाई सिद्धूला." मग पिठाच्या डब्याकडे पाहिले, गच्चीचे जिन्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आता दोर आणाया पायजे." पाचवे वेळी बाईंनी नको म्हटले नाही. "आणा," म्हणाल्या, "तीस हात आणा." आणि वर कडी पुन्हा एकदा टण वाजली.

येणेंप्रमाणे एक गोल राखोन राज्य राहिले, फळीचे नाव जाहले, सरदारांचा सन्मान होवोन दोन वर्षांची सनद मिळाली, आणि सर्वांस संतोष जाहला, ऐसे लिहोन हकीकत पुरी करावी तो बाईंचे त्या हाकेने जाग्या जाहलेल्या रेवाबाई विस्कटल्या केसांनी दारात येवोन उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारिले, "आई, बाबा जिंकले? मग घोड्यावर बसले का?"