शाब्बास, दोन्ही वाक्यं बरोबर

“आजोबा, डिसलाइक आणि हेट, मतलब तो एकच ना दोन्हीचा?” अवंतिकाने विचारलं आणि बापूसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. उदाहरण घरातलं असावं, म्हणजे डोक्यात बसतं, हा त्यांचा जुना नियम.

“नाही बेटा. विनीता आजी दर रविवारी दुधी हलवा आणते. मला आवडत नाही, पण खातो ना मी? ते डिसलाइक. अन् मोहन आजोबांनी गायला पेटी उघडली की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. ते हेट.”

मोहन त्यांचा धाकटा भाऊ, विनीता त्याची बायको. दर रविवारी विजय नगरहून दोघं मदन महलला बापूसाहेबांकडे हजर, हलव्याचा डबा आणि पेटीसकट.

अवंतिकाने लगेच इंग्रजीत दोन वाक्यं रचली, आजोबा विनीता आजीला डिसलाइक करतात, मोहन आजोबांना हेट करतात, आणि घरच्या ग्रुपवर टाकली. नातीची प्रगती सगळ्या खानदानाला दिसावी, ही आजोबांचीच आज्ञा होती. बापूसाहेबांनी चष्मा चढवून कर्ता तपासला, क्रियापद तपासलं. वाक्यांत कोणाची नावं आहेत, याकडे मास्तरांचं लक्ष कशाला जातंय? त्यांनी तिथेच लिहिलं, ‘शाब्बास. दोन्ही वाक्यं बरोबर.’

“अहो, काय करून राहिले तुम्ही?” त्यांच्या पत्नी वसुधाबाई ओट्यापासून धावत आल्या. “मोहन भाऊजींनी वाचलं ना ते.”

अवंतिकाने वाक्यं पुसली. ‘शाब्बास’ घाईत तसंच राहिलं.

बापूसाहेबांनी फोन लावला. “विनीता, मनावर नको घेऊ. डिसलाइक अगदी सौम्य असतं. हेट म्हणजे जहाल.” पलीकडे मोहन ऐकत होता. फोन बंद झाला. मग पुन्हा फोन लावून त्यांनी मोहनला समजावलं, “अरे, हेट करायलासुद्धा माणूस जवळचा लागतो.” आता विनीता ऐकत होती. “म्हणजे मी परकी, दादा?” फोन पुन्हा बंद.

रविवारी कोणी आलं नाही. ज्या शांततेसाठी बापूसाहेब वर्षानुवर्षं झुरले, ती लाभली आणि घर खायला उठलं. पाच वाजेपर्यंत ते फाटकाकडे बघत बसले. भाऊ एकच, तोही आपणच दुखावला, या विचाराने त्यांना भरून आलं. अवंतिकाला घेऊन त्यांनी ऑटो केली.

मोहनने दार उघडलं. “या,” एवढंच म्हणाला.

“मोहन, गाणं म्हण.”

“काहून? उठून जायचं आहे का?”

“म्हण तर.”

मोहन रुसव्यातच गायला, त्यामुळे जरा जास्तच लांबवून गायला. बापूसाहेब जागचे हलले नाहीत. मुद्दाम नव्हे, खरंच उठावंसं वाटलं नाही.

“आजोबा, तुम्ही उठले नाही,” अवंतिका म्हणाली. “मग हे हेट नाही ना?”

“नाही बेटा. मीच चुकीचं शिकवलं. हे डिसलाइक.”

मोहनचा चेहरा खुलला. “ऐकलं का ग? मी तुझ्या पंगतीत आलो.”

विनीता आतून दुधी हलव्याने शिगोशीग भरलेली वाटी घेऊन आली. “डिसलाइक म्हणजे खाता येतं ना, दादा?”

“येतं,” बापूसाहेब म्हणाले आणि खाऊ लागले. वाटीचा तळ दिसला की विनीता पुन्हा वाढत होती.

“चलो, दादांचं होईपर्यंत अजून एक म्हणतो,” म्हणत मोहनने पेटी पुढे ओढली. भरल्या वाटीवरून उठायचं नाही, हे बापूसाहेबांना त्यांच्या आईने शिकवलं होतं.