आनंदीआत्या, प्रकाशाकडे

कॅमेरा घेण्याआधी माझ्याइतका अभ्यास रत्नागिरीत दुसऱ्या कुणी केला नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पुढे जे झालं त्यात कॅमेऱ्याची काही चूक नव्हती. कॅमेरा उत्तम आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. जवळजवळ वर्षभर, जेवणं आवरली की मी मिररलेस कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत बसायचे. सर्वेश, म्हणजे माझा नवरा, सुरुवातीला शेजारी बसून बघायचा. नंतर तो पलीकडच्या खोलीत जाऊन झोपायला लागला. फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर घ्यावा की क्रॉप म्हणजे लहान, हे मी त्याला इतक्या वेळा विचारलं होतं, की बाजारात कोथिंबिरीची जुडी मोठी देऊ की लहान असं भाजीवालीनं विचारल्यावर तो "क्रॉप" म्हणाला.

"पण आरसा नाही म्हणजे नेमकं काय नाही?" त्यानं एकदा मनापासून विचारलं.

"आधीच्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा. फोटो काढताना तो खाडकन वर जायचा. यात तो नाही. सेन्सरला जे दिसतं तेच तुला डोळ्याशी दिसतं. फोटो काढायच्या आधीच फोटो कसा येणार ते कळतं."

"कळलंच आहे तर मग काढायचा कशाला?"

यावर व्हिडिओत काही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी आम्ही कोल्हापूरला गेलो. दुकानदार शांत माणूस होता. मी डायनॅमिक रेंज, बॉडीतलं स्थिरीकरण, दमट हवेत लेन्सला धरणारी बुरशी असं सगळं बोलून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, तुम्ही काढणार काय?"

"सिरियस फोटोग्राफी."

"हो, पण कशाची?"

मी सर्वेशकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. वर्षभरात हा एक प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. "माणसांची," मी म्हणाले, कारण समोर माणसंच होती.

"मग बॉडी लहान घ्या आणि पैसे लेन्समध्ये घाला. बॉडी तुम्ही बदलाल, लेन्स राहील." त्यानं क्रॉप सेन्सरची एक आटोपशीर बॉडी आणि पोर्ट्रेटची एक सुरेख लेन्स समोर ठेवली. त्याच्या एका वाक्यात माझं वर्ष निकालात निघालं. परतताना आंबा घाटात मला वाईटही वाटत होतं आणि मोकळंही.

आता माणूस हवा होता. तो आपणहून चालून आला.

आनंदीआत्या ही सर्वेशची सख्खी आत्या. हातखंब्याला त्यांची आंब्याची बाग आहे. यजमान अण्णा गेल्यापासून बाग त्या एकट्याच बघतात. मुलगा ओमकार ठाण्यात नोकरीला आहे आणि त्याला सुट्टी मिळत नाही. कॅमेरा दाखवायला म्हणून आम्ही गेलो, तर आत्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझा एक काढ. भिंतीवर लावायचा."

सर्वेशनं चहाचा कप खाली ठेवला. "आत्या, काहीतरी काय बोलतेस."

"अरे, त्यात काय. अण्णांचं बघितलंस ना काय झालं ते."

अण्णांचं असं झालं होतं, की ते अचानक गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा एक फोटो मिळाला, त्यातून अण्णा कापून मोठे केले. शेजारी त्यांची बहीण उभी होती, राजापूरची सखू. ती कापली गेली, पण तिचा हात अण्णांच्या खांद्यावर होता, तो काही कापता आला नाही. त्यामुळे अण्णांच्या खांद्यावर आजही चार बोटं आहेत आणि कुणाची ते नवख्याला कळत नाही. ही कापाकापी सखूवन्संना दुसऱ्याच कुणाकडून कळली. "मला भावाशेजारून काढून टाकलं," एवढं म्हणून त्यांनी हातखंब्याचं येणं सोडलं ते सोडलंच.

"माझा मी बघून घेते," आत्या म्हणाल्या. "मागाहून कुणी कापाकापी करायला नको."

मला ते पटलं. आपण कसे आठवले जाणार, यात माणसाला एवढा तरी अधिकार हवा.

रविवारी दुपार कलल्यावर मी त्यांना ओटीवर खिडकीशी बसवलं. उजेड बाजूनं मऊसर येत होता. त्यांनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य असं, की तो माणसाचा डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस धरतो. त्यानं धरला. पण आत्यांच्या डोळ्यावर नाही, मागच्या भिंतीवरच्या अण्णांच्या.

मी सरकले. फोकसचा चौकोन आत्यांवर आला आणि पुन्हा अण्णांकडे गेला.

"काय झालं?"

"कॅमेरा सारखा अण्णांकडे बघतोय."

"जन्मभर हेच झालं," आत्या म्हणाल्या. "घरात येणारा आधी त्यांच्याशी बोलायचा." त्यांनी स्वतःच उठून खुर्ची फिरवली. आता मागे कोरी भिंत होती.

मग मी फोटो काढायला लागले. बिनआवाजाचं शटर लावलं होतं, समोरच्याला दडपण येऊ नये म्हणून. ढीगभर फोटो झाले. आत्या ताठ बसून होत्या. शेवटी त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "मान अवघडली. काढ की आता."

"झाले, आत्या. कधीच झाले."

"आवाज कुठे आला?"

थोडक्यात, आत्या सगळा वेळ फोटो निघायची वाट बघत होत्या, आणि माझ्याकडे वाट बघणाऱ्या आत्यांचे फोटो होते. पण त्यातला एक विलक्षण होता. खिडकीकडे वळलेला चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात, नजर कुठेतरी फार लांब. घरी येऊन मी तो कृष्णधवल केला, मागची भिंत काळी केली. सोमवारी सकाळी शाळेत निघताना राहवलं नाही आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकला. खाली ओळ लिहिली: 'आनंदीआत्या, प्रकाशाकडे.'

ओळीवर मी खूश होते.

दहावीची परीक्षा चालू होती आणि मला पर्यवेक्षण होतं. मोबाइल ऑफिसात जमा करून मी वर्गात गेले. पेपर संपेपर्यंत बाहेरच्या जगाशी माझा काही संबंध नव्हता.

पेपर गोळा करून खाली आले, मोबाइल चालू केला, तर तो हातात थरथरायलाच लागला. घरच्या ग्रुपवर मेसेजचा ढीग. पहिला होता अलोऱ्याच्या दीपकचा. हा सर्वेशचा चुलतभाऊ. 'आनंदीआत्यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेले, आणखी हात जोडलेले, 'बातमी ऐकून धक्का बसला', 'आत्याच्या हातचं आंब्याचं सांदण आता नाही', आणि मध्येच कुणीतरी, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. कोणती लेन्स?'

मी तिथेच बाकावर बसले. वाटलं, कालच तर मान अवघडली म्हणाल्या होत्या. ते काही साधं अवघडणं नसावं. मला रडू आलं. आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते: त्या रडण्यात कुठेतरी बारीकसा अभिमान होता, की त्यांचा शेवटचा फोटो माझ्या हातून निघाला, आणि चांगला निघाला. तोच फोटो दीपकनं श्रद्धांजलीला लावला होता. फोटो बघून तरी मला काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही. ढिगाच्या तळाशी जाऊन शेवटचा मेसेज तरी वाचायला हवा होता. तोही वाचला नाही.

नाक्यावर हार घेतला, स्कूटरच्या हुकाला अडकवला आणि रडत हातखंब्याला निघाले.

फाटकाबाहेर चपलांची रास होती. घरापुढच्या खळ्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती. एका बाजूला हिरवे बांबू तोडून ठेवले होते. ते बघून माझा पुन्हा बांध फुटला. हार घेऊन मी ओटीवर चढले, आणि आतून आत्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"आलीस? हार अण्णांना घाल," त्या म्हणाल्या. "आणि आत कप कमी पडतायत, विसळून आण."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सर्वेश कोपऱ्यात उभा होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ते स्टेटस काढ आधी. आत्या प्रकाशाकडे गेली म्हणून लोक आलेत."

मग सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं. दीपकनं स्टेटस बघितलं. काळा फोटो, खाली नाव, आणि प्रकाशाकडे. त्यानं मला फोन केला, तो बंद. आत्यांना केला, तर आत्या आंबे उतरवायचा झेला घेऊन गड्यांबरोबर बागेत आणि मोबाइल घरात चार्जिंगला. दोघींकडूनही उत्तर नाही म्हणजे खरंच असणार, असं त्यानं ठरवलं. शेजारच्या केरूकाकांना बातमी लागली. ते वेळ न घालवणारे. कोयता घेऊन थेट आत्यांच्याच बेटात बांबू तोडायला लागले. दुपारी आत्या बागेतून परतत होत्या.

"माझ्या बेटातले बांबू कुणाला विचारून तोडतोस रे, केरू?" त्यांनी मागून विचारलं.

"कुणाला विचारनार, बाय? आनंदीबाय सकालीच गेली," केरूकाका मान न वळवता म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. त्यानंतर त्यांना बराच वेळ पाणी पाजावं लागलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण आत्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. रिक्षातून एक वयस्क बाई उतरत होत्या, डोळ्यांना पदर लावलेला. त्या सखूवन्सं होत्या. सकाळी कुणाच्या तरी फोनवर बातमी ऐकून राजापूरहून एसटीनं आल्या होत्या, आणि त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नसल्यामुळे, बातमी खोटी असल्याचा नंतरचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. त्या वर आल्या आणि आत्यांना बघून जागीच थांबल्या.

"आहेस होय," अखेर सखूवन्सं म्हणाल्या.

"आहे."

"मग मी जाते."

"आलात तर जेवून जा."

सखूवन्सं जायला वळल्या, आणि समोर भिंतीवर अण्णा. हा फोटो त्यांनी कधी बघितलेलाच नव्हता. त्या जवळ गेल्या, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही माझी बोटं," त्या म्हणाल्या.

"तुमचीच," आत्या म्हणाल्या. "फोटोवाला पुसून देतो म्हणाला होता. मी नको म्हटलं."

सखूवन्सं खाली बसल्या आणि त्यांनी जेवायला काय आहे ते विचारलं.

दिवेलागणीला ओमकारची गाडी आली. तो सकाळीच ठाण्याहून निघाला होता. आई आहे हे त्याला महाडला कळलं होतं. तिथून परत फिरता आलं असतं, पण तो आला. चपला हातात धरून तो खळ्यात उभा राहिला. आत्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सुट्टी मिळाली?"

"मिळाली."

"काय सांगितलंस ऑफिसात?"

ओमकारनं चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, "आई गेली म्हणून सांगितलं. तेव्हा तेच माहीत होतं."

"मग किती दिवसांची दिली?"

"तेराव्यापर्यंत."

"बरं झालं. राहा तेवढे दिवस," आत्या म्हणाल्या. "झाडावर आंबा तयार आहे आणि उतरवायला माणूस मिळत नाही."

आणि तो राहिला. ऑफिसात त्यानं नंतर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा तो लुंगी लावून झाडावर होता, खाली आत्या 'देठ ठेव, देठ ठेव' म्हणून ओरडत होत्या, आणि सखूवन्सं पेटीत पेंढा घालत होत्या. राजापूरला त्या अजून गेलेल्या नव्हत्या. त्या दिवशी कॅमेरा माझ्या खांद्याला होता, पण मी तो काढला नाही. का ते सांगता येत नाही. प्रकाश फार सुंदर होता.

आत्यांनी स्वतःचा तो काळा फोटो फ्रेम करून अण्णांशेजारी आत्ताच लावून टाकला आहे. नवीन माणूस आला की फोटोला हात जोडतो, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "मी आत आहे."

माझी सिरियस फोटोग्राफीही मार्गी लागली म्हणायची. हातखंब्याची सगळी म्हातारी माणसं आता मला बोलावतात. आमचाही काढ, म्हणतात, फक्त स्टेटसला टाकू नको. मी कागदावर छापून देते, रंगीत, आणि शटरला आवाज ठेवते.

परवा केरूकाकांनी बोलावलं. त्यांनी दाढी करून घेतली होती. मी त्यांना अंगणात बसवलं, उजेड बघितला, लेन्स पुसली.

"रंगीत नको," ते म्हणाले. "आनंदीबायचा काढलास तसा काढ. काला."

"काढते. पण का, काका?"

त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. मग म्हणाले, "आनि स्टेटसला टाक. माजा पोरगा बाबू दोन वर्सं झाली मुंबयसून आला नाय."

मी कॅमेरा खाली घेतला. तसं करता येत नाही, ते बरं दिसणार नाही, हवं तर मी बाबूला फोन करते, असं मी त्यांना परोपरीनं समजावलं. केरूकाकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग येवडा म्हागाचा क्यामेरा घेऊन," ते म्हणाले, "उपेग काय गो तुझा?"