कच्चं हाय, फिरसे!

जैबूनखाला भाकऱ्या थापता थापता बारा मुलींचं कुराण ऐकायची. बाराही जणी एकाच वेळी, वेगवेगळी पानं, आणि तेही घसा ताणून. गल्लीतून जाणाऱ्याला वाटावं, आत भांडण जुंपलंय. खाला आमच्याकडं पाठ करून चुलीपाशी. थापण्याचा आवाज थांबला की समजायचं, कुणीतरी चुकलं. मान न वळवता ती बोट मागं करायची, आणि ते बरोब्बर चुकलेल्या मुलीवरच असायचं. "कच्चं हाय. फिरसे!"

इंदापुरात मुलगे मशिदीतल्या मदरशात शिकायचे आणि आम्ही मुली खालाच्या पडवीत. सकाळी सातला बसायचं. साडेनऊ झाले की खाला उलथनं घेऊन उठायची. "पळा शाळंत! तितं उशीर झाला तर उद्या हितं यायचं न्हाय." घरी आम्ही सगळे दख्खनी उर्दू बोलायचो. खाला रागावली की मराठीवर यायची, म्हणजे बहुतेक वेळ मराठीतच असायची.

त्या पडवीतली एक मुलगी आज भिगवणला नर्स आहे, एक बारामतीत वकिली करते, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. लोक विचारतात, तुमच्या गल्लीतल्या पोरी एवढ्या शिकल्या कशा? मी छाती फुगवून सांगते, आमच्या खालाच्या चिकटपणामुळं!

तशी बाई सढळ हाताची. भाकरी खाल्ल्याशिवाय कुणाला सोडायची नाही. चिकटपणा एकाच बाबतीत, शेवटच्या पानाच्या. कुराण वाचून पुरं झालं की घरचे शिरनी वाटतात, म्हणजे गल्लीभर पेढे. पण खालाकडं शेवटच्या पानावर आलेली मुलगी तिथंच रुतून बसायची.

मी नववीत त्या पानावर आले. सहा इवल्याशा ओळी, झोपेतून उठवलं तरी म्हणाव्यात अशा पाठ. "कच्चं हाय." महिना गेला, दिवाळी गेली, दहावी सुरू झाली, तरी कच्चंच! "म्हातारीला ऐकायला कमी येतंय," असं मी घरी बडबडले, तर अम्मीनं पाठीत धपाटा घातला.

अशात बारामतीहून स्थळ आलं, बेकरीवाल्यांचं. मुलगा बरा होता, खारी तर फारच छान. अब्बा खूश. मला मात्र रडू फुटलं, मला शिकायचं होतं. मुलाच्या आईची एकच अट, मुलीचं कुराण पुरं झालेलं हवं. अब्बांनी खालाला बोलावून आणलं. मी मनात म्हटलं, संपली माझी दहावी.

खालानं चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाली, "पोरगी कच्ची हाय."

"मग किती दिवस लागतील?"

"जून उजाडंल."

बेकरीवाले काही जूनपर्यंत थांबले नाहीत. माझी सुटका झाली, पण चारचौघांत कच्ची ठरले म्हणून मी धुमसत राहिले. दहावीचा निकाल जूनमध्ये लागतो, हे तिथं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही.

जूनमध्ये मला पहिला वर्ग मिळाला. गुणपत्रिका घेऊन मी आधी खालाकडंच पळाले. ती भाकऱ्या करत होती. "वजू करून बस. शेवटचं पान काढ." मी हात-तोंड-पाय धुऊन आले आणि सहाही ओळी वाचल्या. थापणं एकदाही थांबलं नाही.

"पक्कं हाय," ती म्हणाली.

मी भडकले. "खाला, दीड वर्षापूर्वीही मी असंच वाचत होते!"

"व्हय," ती म्हणाली. मग भाकरी उलटून, "मी अकरा वर्साची हुते तवा माझं पुरं झालं. बानं सगळ्या कऱ्हाटी गावात शिरनी वाटली, अन् दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर टाकलं. म्हणला, शिकली की पोरगी, आता शाळा कशाला? पुढल्या उन्हाळ्यात लगीन. चौथीत हुते गं. लई हुशार हुते."

मी हातातली गुणपत्रिका तिच्यापुढं धरली.

"ते वाच," तिनं गुणपत्रिकेकडं हनुवटी केली. मी वाचायला लागले. मराठी, हिंदी, गणित. सगळे विषय, सगळे मार्क. पहिल्यांदाच ती माझ्याकडं तोंड करून बसली होती. तव्यावरची भाकरी करपली, तरी उठली नाही. मग डोळे पुसत फडताळातून पेढ्यांचा पुडा काढला.

"हे कधी आणले?"

"काल."

"काल? अन् मी नापास झाले असते तर?"

"कोण, तू?" खाला म्हणाली. "येवढी वर्सं ऐकतीया तुला. तू चुकतीस कुठं!"