वहीतलं वहीत

पाचवीच्या बाईंनी चाळीस निबंध तपासायला घेतले आणि सातव्या वहीला पेन खाली ठेवलं. विषय होता ‘माझे बाबा’. सातही बाबा प्रेमळ होते, कष्टाळू होते, पहाटे उठत होते आणि मुलांना फार फार आवडत होते. त्यातल्या सहाव्या बाबांना बाई चांगल्या ओळखत होत्या. ते दुपारच्या पालकसभेलासुद्धा जांभया देत यायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वह्या परत केल्या. “पुन्हा लिहा. बाबा जसे आहेत तसे लिहा. आणि घाबरू नका, वहीतलं वहीत राहील. मी कुणाला सांगणार नाही.”

“मोठ्या बाईंनापण नाही?” कुणीतरी मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे बोट करत विचारलं.

“त्यांनापण नाही.”

“तुमच्या घरी?”

“घरी तर मुळीच नाही.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग वर्गात कधी नव्हे इतकी शांतता झाली.

त्या संध्याकाळी बाईंना आपल्या अकरा वर्षांच्या नोकरीचं चीज झाल्यासारखं वाटलं. एका बाबांना गाडी मागे घेता येत नव्हती, म्हणून ते ती लांब लावून घरी चालत येत. एक बाबा आजी रागावली की गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालत, पाऊस पडत असला तरी. बाई एकट्याच हसत होत्या. मग तेविसावी वही आली. ती खिडकीजवळ बसणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या मुलीची होती.

‘माझे बाबा दातांचे डॉक्टर आहेत. दात काढताना ते डोळे घट्ट मिटून घेतात. रक्त दिसलं की त्यांना चक्कर येते आणि मग आई त्यांना पाणी देते. आई म्हणते, हे बाहेर कुठे बोलायचं नाही. म्हणून मी बोलत नाही, नुसतं लिहिते.’

बाई खळखळून हसल्या आणि हसता हसता त्यांचा हात उजव्या गालावर गेला. खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. ती काढायला नवऱ्याने बुधवारची वेळ घेऊन ठेवली होती. शनिवारी सासूबाईंचा हलणारा दात काढायचा होता. दोन्ही वेळा याच डॉक्टरांच्या होत्या.

बुधवारी सकाळी बाई म्हणाल्या, “अहो, दाढ थांबली बहुतेक.”

“थांबली म्हणजे?”

“म्हणजे दुखायची थांबली.”

“मग तोंडात लवंग कशाला धरलीयेस?”

“चवीला.”

नवऱ्याने फोन करून वेळ पुढे ढकलली. शुक्रवारी बाईंच्या गालाला सूज आली, पण त्यांना काळजी लागली होती ती शनिवारची. स्वतःची दाढ सांभाळणं आपल्या हातात होतं. सासूबाईंना डोळे मिटलेल्या माणसाच्या खुर्चीत कसं बसू द्यायचं?

“आई, तुम्ही उद्या नका जाऊ,” त्या म्हणाल्या. “आधी माझं होऊ दे, मग तुमचं.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. एरवी प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारणाऱ्या सासूबाईंनी एवढंच म्हटलं आणि त्या पुन्हा पेपर वाचू लागल्या. बाईंना जरा नवल वाटलं.

नवऱ्याला मात्र राहवेना. “तू स्वतः जात नाहीस आणि आईलाही जाऊ देत नाहीस. त्या डॉक्टरांनी तुझं काय घोडं मारलंय? त्यांची मुलगी तुझ्या वर्गात आहे ना? काही भांडण झालंय का?”

“नाही हो.”

“मग कारण सांग.”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे आहे काहीतरी.”

नवऱ्याने पुन्हा फोन केला आणि अतिशय अवघडलेल्या आवाजात सांगितलं की बाईंना सध्या जमणार नाही, आईलाही नाही, आणि कृपया गैरसमज करून घेऊ नका. तोपर्यंत डॉक्टरांचा कसलाच गैरसमज नव्हता. त्या वाक्यानंतर झाला.

सोमवारी मधल्या सुट्टीत बाई मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

“एक विचारायचं होतं. समजा, एखाद्या मुलाने विश्वासाने आपल्याला काही लिहून दिलं. ते आपण किती जपायचं?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “मूल धोक्यात असेल तर लगेच मला सांगायचं. तिथे वचनबिचन काही नाही. नसेल, तर ते आपल्या पोटात राहिलं पाहिजे. मूल धोक्यात आहे का?”

“मूल नाही.”

“मग कोण?”

“माझ्या सासूबाई.”

मोठ्या बाईंची नजर त्यांच्या सुजलेल्या गालावर गेली. “तुमच्या गालाला काय झालंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“दाढ आहे हो.”

“घरी सगळं ठीक आहे ना?”

ठीक आहे हे पटवून देण्यात सुट्टी संपली. बाहेर आल्यावर बाईंच्या लक्षात आलं की सल्ला काही मिळाला नाही, उलट मोठ्या बाईंच्या डोक्यात सासूबाईंविषयी नको ते भरून आपण बाहेर पडलो आहोत.

मंगळवारी शाळा सुटताना डॉक्टर स्वतःच वर्गाच्या दारात उभे राहिले. उंच, शांत माणूस. हातात मुलीचं दप्तर होतं आणि चेहरा एखाद्या नापास झालेल्या मुलासारखा होता.

“बाई, माझ्या मुलीचं काही चुकलंय का?”

“छे, छे. हुशार आहे ती.”

“मग माझं चुकलं असेल. दोनदा वेळ बदललीत. घरी तिला विचारलं, तर ती म्हणाली, शाळेतलं घरी सांगायचं नसतं.” ते एकदम थांबले आणि वाकून बाईंच्या गालाकडे पाहू लागले. “हे असं किती दिवस आहे? बाई, हे अंगावर काढू नका. पू झाला असेल. आत्ताच्या आत्ता चला.”

बाईंनी क्षणभर विचार केला. सांगायचं नव्हतं हे खरं. पण आपण स्वतः जाऊन बघायला कुणाची बंदी होती? परीक्षा घेणं तर आपलं रोजचं काम. डॉक्टरांनी डोळे मिटले, तर चुकीची दाढ गेली तरी ती आपली जाईल, सासूबाई वाचतील आणि मुलीचं गुपितही तिच्या वहीतच राहील. त्यांनी पर्स उचलली.

दवाखान्यातल्या खुर्चीत त्या पर्यवेक्षकासारख्या ताठ बसल्या. भूल दिली, गाल बधिर झाला. डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला.

“डोळे मिटलेत तरी चालेल.”

“नको,” बाई जडावलेल्या जिभेने म्हणाल्या. “मी उघडेच ठेवते.”

आणि त्यांनी नजर डॉक्टरांच्या डोळ्यांवर रोखली. चाळीस मुलांपैकी कोण कुणाच्या वहीत बघतंय हे पाठमोरं उभं राहून ओळखणारी ती नजर होती. डॉक्टर दोनदा थांबले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, बाईंकडे पाहिलं, पुन्हा दाढेकडे पाहिलं. पण डोळे त्यांनी पूर्ण वेळ उघडे ठेवले. दाढ सहज निघाली. रक्त आलं, त्यांनी नीट पाहून पुसलं, कापूस दाबला आणि चक्करबिक्कर काही न येता ते हात धुऊन आले.

“बाई, खरं सांगू?” ते स्टुलावर बसत म्हणाले. “तुम्ही असं बघत होतात की आज मला घाम फुटला. असं याआधी एकदाच झालंय. उन्हाळ्यात मुलीचा दुधाचा दात काढला तेव्हा. इतका छोटा दात, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी डोळेच मिटून घेतले. नंतर ओठावर रक्ताचा थेंब दिसला, तर मी मटकन खाली. बायकोने पाणी पाजलं. मुलीने माझं काम बघितलंय ते तेवढंच. तिला वाटतं, मी सगळ्यांचे दात असेच काढतो.”

बाईंच्या तोंडात कापूस होता, म्हणून त्यांना हसता आलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं.

“दुखतंय का?”

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

“तुम्ही तिच्या बाई म्हणून बोललो. कुठे सांगू नका. दवाखाना चालवायचाय मला.”

बाईंनी छातीवर हात ठेवून होकारार्थी मान डोलावली. त्या घरी निघाल्या तेव्हा गाल बधिर होता, पण डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. आता सासूबाईंना निर्धास्त पाठवता येणार होतं.

सासूबाई ओट्याजवळ उभ्या होत्या. बाईंनी कापूस काढला आणि उत्साहाने सांगितलं, “आई, काढली दाढ. काही कळलंसुद्धा नाही. डॉक्टरांचा हात फार हलका आहे. तुमची उद्याचीच वेळ घेऊया.”

सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी आधी बाहेरच्या खोलीत मुलगा आहे का ते पाहिलं, मग दार लोटलं.

“आता तुला म्हणून सांगते,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “मला त्या खुर्चीची लहानपणापासून भीती वाटते. तू जायचं टाळत होतीस तोवर माझंही आपोआप टळत होतं. मी रोज मनातून तुला दुवा देत होते.”

“आई, तो दात हलतोय तुमचा.”

“हलू दे. तू फक्त एवढंच कर. माझ्या लेकाला सांग, अजून आठ दिवस तुझं दुखतंय.”

“खोटं कसं सांगू? मी मुलांना शिकवते.”

“मग काही सांगू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “गाल धरून नुसती बस. सूज आहेच, ती काही खोटी नाही.”

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. “काय गं, झालं का? आईची कधीची घेऊ?”

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. मग त्या शांतपणे बाहेर गेल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी गालावर हात ठेवला.